बीफ स्ट्यू आणि डंपलिंग: स्लो कुकर, ओव्हन की प्रेशर कुकर?

मांस तिन्हींत मऊ होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘स्लो कुकरमधलं बीफ काय मऊ होतं!’ एवढं ऐकून पुष्कळ जण तो, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं, घेऊन येतात. तेच बीफ ओव्हनमध्ये झाकण लावून ठेवलेल्या बिडाच्या भांड्यातही तितकंच मऊ होतं, आणि प्रेशर कुकरमध्ये तर तास-सव्वा तासात होतं. फरक पडतो तो रस्सा कसा उतरतो, तुमचा वेळ कधी खर्च होतो आणि डंपलिंगचं, म्हणजे रस्स्यावर शिजवायच्या पिठाच्या गोळ्यांचं, काय होतं यात. माझं म्हणाल तर निर्णय डंपलिंगवरच घ्यावा.

अर्थात मांसाचा तुकडाच चुकला तर कुठलंही भांडं वाचवत नाही. स्ट्यूला खांद्याचं किंवा पायाच्या नळीचं मांस हवं, ज्यात पांढरे चिवट पडदे दिसतात ते. तो चिवटपणा कोलॅजेनचा, म्हणजे मांस बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचा. साधारण ६०-७० अंश सेल्सिअसपासून ते विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला लागतं, आणि ८५-९० अंशांच्या आसपास हे काम चांगला वेग घेतं. रस्सा ओठांना किंचित चिकटतो तो त्यामुळेच. कंबरेकडचे महाग, कमी चरबीचे तुकडे यात घालू नका. त्यांत विरघळण्यासारखं काही नसतं, त्यामुळे आठ तास रस्स्यात बुडून राहूनही ते कोरडे ठणठणीत लागतात.

स्लो कुकर

हे यंत्र मुळात कशासाठी निघालं ते माहीत असलं की त्याचे स्वभावदोष कळतात. अमेरिकेतल्या आयर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० साली मिळालं. त्यांच्या आईने सांगितलेली लिथुआनियातली आठवण त्यामागे होती: शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी चोलंट नावाच्या स्ट्यूचं भांडं बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशीच बाहेर काढायचं. पुढे १९७१ मध्ये हेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघरी गेलं. म्हणजे ‘ठेवा आणि विसरा’ हाच त्याचा जन्म. झाकण उघडणं त्याला मानवत नाही. एकदा उघडलंत की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात.

‘लो’ आणि ‘हाय’बद्दलही गैरसमज असतो. बहुतेक कुकरमध्ये दोन्ही सेटिंगवर स्ट्यू शेवटी उकळीच्या जरा खालीच स्थिरावतो. फरक असतो तिथवर पोचायच्या वेगाचा. ‘लो’वर आठ-नऊ तास धरा, ‘हाय’वर चार-पाच. मला ‘लो’च आवडतो, पण फ्रीझरमधलं गोठलेलं मांस त्यात थेट टाकू नका. ते इतक्या सावकाश तापतं की जंतू वाढायला भरपूर वेळ मिळतो.

त्याची खरी उणीव रंगाची. मांसाला खरपूस चव यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे जावा लागतो, आणि पाण्यात बसलेलं मांस १०० ओलांडत नाही. म्हणून तुकडे कागदाने टिपून कोरडे करा आणि गरम पॅनमध्ये थोडे थोडे परता. गर्दी केलीत तर पाणी सुटतं आणि मांस नुसतं वाफवून राखाडी होतं. मग पॅनच्या बुडाला चिकटलेला तपकिरी थर स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) घालून लाकडी उलथन्याने खरवडायचा आणि कुकरमध्ये ओतायचा. सगळी चव तिथे असते. वाइन घालणार असाल तर तीही पॅनमध्येच आटवून निम्मी करा, कारण झाकणाखाली काहीच उडून जात नाही आणि कच्च्या दारूचा उग्रपणा तसाच राहतो. ‘एकाच भांड्यात सगळं’ ही जाहिरात इथे संपते. पॅन घासावा लागतोच.

पाणी आटत नाही म्हणून द्रवही कमी घ्यायचा. किलोभर मांसाला ओव्हनमध्ये मी ७५० मिलिलिटर स्टॉक घालते, स्लो कुकरमध्ये जेमतेम ५००. गाजर-बटाटे तळाशी आणि कडेला लावा, लहान चिरून. ऐकायला विचित्र वाटेल, पण इथे मांस शिजतं आणि बटाटा कच्चा राहतो. टोमॅटो किंवा वाइनची आंबट बाजू असली तर आणखीच.

ओव्हन आणि बिडाचं भांडं

१५०-१६० अंश, अडीच ते तीन तास. वर आलेले तुकडे आणि भांड्याच्या कडेला सुकलेला रस्सा आपोआप तपकिरी होत राहतो, आणि ती चव स्लो कुकरला कधीच जमत नाही. रस्सा आटतो, स्वतःच दाट होतो. मात्र तुम्ही घरी असायला हवं. विजेचा हिशेब करणाऱ्यांसाठी: स्लो कुकर साधारण २००-३०० वॉटचा असतो, ओव्हन दोन हजारांच्या घरातला, पण ओव्हन तापल्यावर चालू-बंद होत राहतो, त्यामुळे दिसतो तितका फरक बिलात पडत नाही.

प्रेशर कुकर

१५ पौंड दाबाला आत १२१ अंश होतात, इलेक्ट्रिक कुकरमध्ये थोडे कमी. शिजायला ३५ मिनिटं, पण दाब चढणं-उतरणं धरून सव्वा तास मोजा. वाफ घाईने सोडू नका. आतला द्रव एकदम खळखळून उकळतो आणि मांसातला रस निघून जातो. इथे भाज्यांची तऱ्हा स्लो कुकरच्या अगदी उलट, गाजराचा लगदा होतो. मांस शिजल्यावर भाज्या घालून पुन्हा चार-पाच मिनिटं दाब द्या. रस्सा पातळ राहतो, तो उघड्यावर आटवावा लागतो.

आता डंपलिंग

दोन घराणी आहेत. ब्रिटिश पद्धतीत सूएट, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी, किसून घालतात: १०० ग्रॅम मैद्याला ५० ग्रॅम सूएट, चमचाभर बेकिंग पावडर, मीठ आणि चारपाच मोठे चमचे थंड पाणी. अमेरिकन पद्धतीत लोणी आणि दूध घालून सैलसर पीठ चमच्याने रस्स्यावर सोडतात. सूएट लोण्यापेक्षा उशिरा वितळतं, म्हणून ते डंपलिंग जास्त भुसभुशीत होतात. पीठ कुठलंही असो, मळायचं नाही. नुसतं एकत्र आलं की थांबायचं. गोळे अक्रोडाएवढे, कारण फुगून दुप्पट होतात.

डंपलिंगला खळखळता रस्सा आणि भरपूर वाफ लागते. बाहेरची बाजू चटकन धरली तर तो फुगतो, नाहीतर विरघळतो. पहिल्या खेपेला मी सकाळच्या ‘लो’वरच, संध्याकाळी घरी आल्या आल्या गोळे सोडले. पाऊण तासाने झाकण काढलं तर वरती पांढरट, चिकट साय, आणि डाव फिरवला तेव्हा तळाशी गोंदासारखं पीठ. एकही गोळा सापडला नाही.

तेव्हापासून घरी आले की आधी ‘हाय’ करते आणि अर्धा तास थांबते. कडेने बुडबुडे दिसायला लागले की गोळे मांसाच्या तुकड्यांवर टेकवते, रस्स्यात बुडवत नाही. झाकणाखाली कोरडा सुती पंचा ताणून त्याची टोकं झाकणावर दुमडून बांधते, कुकरच्या गरम भागाला लागणार नाहीत अशी. झाकणावरचं पाणी डंपलिंगवर टपकलं की ते वरून गिळगिळीत होतात, पंचा ते पाणी पितो. चाळीस-पन्नास मिनिटं अजिबात उघडायचं नाही. मग एक मोडून बघायचा, आत ब्रेडसारखी जाळी दिसली पाहिजे. रस्साही आधी किंचित सैल ठेवा, कारण डंपलिंग बराच रस पितात.

म्हणजे दिवसभर तुमच्याशिवाय चालणारा स्ट्यू शेवटी दीड तास तुम्हाला घरी बसवतो. भुकेलेल्या माणसांना सातला आल्या आल्या ताट हवं असेल तर स्लो कुकरमध्ये डंपलिंगचा नाद सोडा, ब्रेड द्या. किंवा गोळे ओव्हनमध्ये वेगळे भाजून वर ठेवा, मी हल्ली आठवड्याच्या मधल्या दिवशी तेच करते.

प्रेशर कुकरमध्ये डंपलिंग दाबाखाली कधीच नकोत. घट्ट होतात आणि पिठाचा फेस वाफेच्या नळीत अडकू शकतो. झाकण उघडल्यावर रस्सा उकळत ठेवून, साधं झाकण टाकून पंधरा मिनिटं द्यायची. ठीक होतात, ठीकच. ओव्हनमध्ये मात्र शेवटची पंचवीस मिनिटं झाकण काढून तापमान १८०-१९० करा: वरून सोनेरी कुरकुरीत, खालून रस्स्यात भिजलेले. केवळ डंपलिंगसाठी स्ट्यू करत असाल तर दुसरीकडे बघायचं कारण नाही.

माझ्याकडे सुट्टीच्या दिवशी ओव्हन, नऊ तास बाहेर असेन तेव्हा स्लो कुकर, आणि सहा वाजता आठवण झाली तर प्रेशर कुकर. उरलेला स्ट्यू स्लो कुकरमध्ये गरम करू नका, फार वेळ कोमट राहतो. गॅसवर उकळी आणा. उरलेले डंपलिंग मात्र रस्स्यातून आधीच काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी जाड काप करून लोण्यात परता.