वेळेची मोकळीक की घरचे दोन दिवस?

पंधरा-वीस माणसांचं ऑफिस चालवणारे ओळखीचे लोक हल्ली हटकून विचारतात, की माणसं टिकवायची तर काय द्यावं: येण्याजाण्याची वेळ सैल करावी, की आठवड्याचे दोन दिवस घरून काम? पगारवाढीचा विषय त्यांच्यापैकी कुणी काढत नाही, म्हणून मीही काढत नाही. आमचं करसल्ल्याचं ऑफिस पुण्यात, कोथरूडला. दोन्ही प्रकार आम्ही राबवून पाहिलेत.

घरून काम आधी घेतो, कारण मुलाखतीला येणारा उमेदवार तेच आधी विचारतो. वाघोलीहून कोथरूडला येणाऱ्याचा दिवस रस्त्यावरच अर्धा संपतो. त्याला दोन दिवस घरी मिळाले तर तो दुवा देतो. एकटाकी बसून करायचं काम, म्हणजे बँकेचा ताळमेळ, खात्यांची तपासणी, घरी जास्त नीट होतं असा माझाही अनुभव आहे. आणि प्रसूती रजा संपवून येणाऱ्या मुलीला तर ही सोय द्यावीच. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, तेव्हाच रजेनंतर कामाचं स्वरूप पाहून घरून काम आपसांत ठरवण्याची तरतूद कायद्यात आली. ती वापरणारी ऑफिसं मी फारशी पाहिली नाहीत, हा भाग वेगळा.

वेळेची मोकळीक आमच्याकडे अशी: सकाळी आठ ते अकरा कधीही या, अकरा ते चार सगळ्यांनी जागेवर असायचं, बाकीचे तास पुढेमागे भरा. ऐकायला यात काही विशेष नाही. पण पाळणाघर साडेपाचला बंद होतं, त्या आईला आठला येऊन साडेचारला निघता येतं. आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी करणाऱ्या मुलांचे क्लास सकाळी असतात आणि त्यांना आठवड्याचे किमान ३५ तासही भरायचे असतात. ती अकराच्या ठोक्याला येतात. एकाला सकाळी वडिलांना फिजिओथेरपीला न्यायचं असतं. नेऊन येतो.

इथवर तराजू सारखाच होता. मला वैताग आणला तो घरच्या दिवसांतल्या मेसेजेसनी.

‘सर, गॅसवाला आलाय, पाच मिनिटांत बसते.’ ‘सर, लाइट गेली, हॉटस्पॉटवर आहे.’ (पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जाते ती गुरुवारी, त्याच दिवशी घरून काम मागणाऱ्याचं मला नेहमी कौतुक वाटत आलंय.) ‘सर, मुलाला बसवरून आणलं, आता जागेवर.’ ‘सर, फोन चार्जिंगला होता, कॉल आत्ता पाहिला.’ मी यातलं काहीही विचारलेलं नसायचं. हीच माणसं ऑफिसात असली की खाली चहाला जाऊन अर्धा तास गप्पा छाटून येतात, आणि त्याचा खुलासा द्यावा असं कुणाच्या मनातही येत नाही. घरी बसली की मात्र आपणहून आरोपीच्या पिंजऱ्यात उभी. शिवाय दुपारी मुलासाठी दिलेली पंधरा मिनिटं फेडायची म्हणून रात्री दहाला ‘सर, रिटर्न तयार आहे’. मी ‘ओके’ लिहिलं की दुसऱ्याला वाटायचं, सर जागे आहेत. मग त्याचा प्रश्न. मेसेज करू नका असं सांगून पाहिलं. ग्रुपवरचे थांबले आणि मला वैयक्तिक यायला लागले.

फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क कामगार कायद्यात घातलाय. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्याच आशयाचं विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पण ते खासगी सदस्याचं, सरकारचं नव्हे; त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा तूर्त ज्याचं त्याने ठरवायचं.

मोकळ्या वेळेत हे मेसेज नाहीत. साडेचारला निघालेली बाई निघालेली असते. तिला मुभा नियमाने दिलीय, मी नाही, त्यामुळे माझी मर्जी सांभाळायचं कारण उरत नाही. उत्पादकता वगैरे मी मोजलेली नाही. माझा फोन रात्री शांत असतो एवढं खरं.

याचीही डोकेदुखी आहे. साडेनऊला अशिलाचा फोन येतो आणि त्याची फाइल पाहणारा अकराला उगवणार असतो. २० तारखेला जीएसटीचं ३बी हे महिन्याचं रिटर्न भरायचं असतं, त्याच्या आदल्या दिवशी ‘मी माझे तास भरले’ म्हणून निघणारा एखादा निघतोच. आणि सप्टेंबरचं काय सांगावं. ३० तारखेला टॅक्स ऑडिटची मुदत, त्यामुळे दोन्ही योजना त्या महिन्यात कागदावरच राहतात.

तुमचं ऑफिस हिंजवडीत आणि माणसं हडपसरला असतील तर कदाचित माझं ऐकू नये. तिथे घरचे दोन दिवस बहुधा सरस ठरतील. सगळे पाऊण तासाच्या आत राहत असतील तर मात्र मी आधी वेळ सैल करून पाहीन, आणि घरून काम गरजेपुरतं, मागेल त्याला, ठरावीक वार न बांधता देईन. सुरुवात करण्याआधी ऑफिसच्या किल्ल्या तीन करून घ्या. आठला येणारा उत्साही असतो, पण तो जिन्यात बसून राहिला तर दुसऱ्या आठवड्यापासून साडेदहालाच येतो.