चामखीळ पसरू नये म्हणून: झाकावी, झिजवावी की गोठवावी?

बोटावर एक चामखीळ असते. काही महिन्यांनी शेजारी दुसरी उगवते आणि मग उपायांची घाई सुटते. आधी एक खात्री करा. मानेवर किंवा काखेत मऊ, लोंबती गाठ असते, तिलाही आपण चामखीळच म्हणतो. ती लागट नसते. इथे बोलायचंय ते खरखरीत, काळे ठिपके असलेल्या चामखिळीबद्दल. ही एचपीव्ही विषाणूमुळे होते.

हा विषाणू त्वचेवरच्या बारीक चिरेतून शिरतो आणि चामखीळ दिसायला बहुधा २ ते ६ महिने लागतात. म्हणजे आज उगवलेली दुसरी चामखीळ ही जुन्या खाजवण्याची वसुली आहे. त्यामुळे कोणताही उपाय केलात तरी ती पसरणं दुसऱ्या दिवशी थांबत नाही.

नुसती झाकून ठेवणं हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग. मुलांमध्ये बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात, म्हणून लहान मुलाला एखाददुसरी असेल तर मी हाच निवडेन. पण तोवर विषाणू तिथेच असतो. पट्टी रोज बदलायला हवी आणि मुलाला नखं कुरतडायची सवय असेल तर हा मार्ग फसतो: चामखीळ नखांच्या कडेने पसरते, ओठांवरही येते.

झिजवण्यासाठी सॅलिसिलिक अ‍ॅसिड हे वरून लावायचं औषध असतं. त्याचं काम सावकाश, साधारण १२ आठवड्यांचं. मोठ्या माणसाच्या हातावरच्या एक-दोन चामखिळींसाठी मला हेच पटतं. मात्र खरी गोम घासण्यात आहे. मऊ झालेला थर काढायला वापरलेली कानस किंवा वजरी निरोगी त्वचेला लावली, तर उपचारच प्रसार करतो. ती वेगळी ठेवा, दुसऱ्याला देऊ नका. चेहऱ्यावर आणि जननेंद्रियांवर हे औषध नको. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गोठवण्यासाठी डॉक्टर उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन वापरतात. दर दोन-तीन आठवड्यांनी जावं लागतं, दुखतं, फोड येतो. एका फटक्यात काम होईल या आशेने जाऊ नका. कधी मधली चामखीळ जाते आणि कडेने कडं उगवतं. चामखिळी पुष्कळ असतील किंवा घरचा उपाय थकला असेल, तर मात्र जावंच.

ब्लेडने कापणं या तुलनेत बसतच नाही. रक्त येतं, नवी चीर पडते, विषाणूला दार उघडतं. चामखिळीवरून दाढीचं पातं फिरवलं तर एकीच्या जागी रांग लागते.

तिन्ही मार्गांत टॉवेल आणि नेलकटर वेगळं ठेवा, हात लागला की साबणाने धुवा. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हा विषाणू फारसा दाद देत नाही. आणि चामखीळ सपाट झाली म्हणून पट्टी सोडू नका. त्या जागी त्वचेच्या रेषा पुन्हा सलग दिसू लागल्या की मगच ती गेली.