किंग केक: साधाच घ्या, क्रीम चीजच्या नादी लागू नका

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये 6 जानेवारीपासून मार्डी ग्रा या सणापर्यंत जाल तिथे किंग केक. ऑफिसात तर एक खोका संपायच्या आत दुसरा येतो. मार्डी ग्राच्या दुसऱ्या दिवसापासून लेंट, म्हणजे ईस्टरपर्यंतचे उपवास. तोवर लोणी-साखर चापून घ्यायची. यंदा आम्ही मित्रमंडळींना जेवायला बोलावलं, तेव्हा घराजवळच्या बेकरीतून दोन केक आणले. एक साधा दालचिनीचा, दुसरा क्रीम चीज भरलेला.

वार सोमवार धरला, कारण इथे सोमवारी रेड बीन्स आणि भात करायची रीत आहे. पूर्वी तो धुण्याचा दिवस; बीन्स मंद आचेवर आपले आपण शिजत राहायचे. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची परतून त्यात मी ते शिजवले. सॉसेज वेगळं ठेवलं, त्यामुळे शाकाहारी मंडळींचीही सोय झाली.

आता केक. नाव केक असलं तरी आहे तो अंडं आणि लोणी घातलेला, यीस्टने फुगवलेला गोड पाव. कोणी अंडं खात नसेल तर आधीच सांगून टाका. पीळ घालून गोल वळलेला, वर आयसिंग आणि जांभळी, हिरवी, सोनेरी साखर. हे रंग 1872 च्या मार्डी ग्रामधल्या रेक्स मिरवणुकीपासूनचे. न्याय, श्रद्धा आणि सत्ता हे अर्थ त्यांना 1892 मध्ये चिकटले. साखर मात्र भलतीच जाड होती, दाताखाली कचकचत होती, आणि जांभळी तर सगळ्यांच्या जिभेवर चढली.

साध्या केकचा पाव मऊ, पदर सुटणारा. दालचिनी प्रत्येक घासाला लागत होती. भरलेला दिसायला भारी, पण चीजमुळे फ्रीजमध्ये ठेवावा लागतो आणि मग पाव घट्ट होतो. खालचा थर तर ओलसर, गिचका. वर पैसेही जास्त. साधा दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो हे खरं, पण एकेक काप दहा सेकंद मायक्रोवेव्हमध्ये फिरवला की पुन्हा मऊ. अख्खा गरम करू नका, आयसिंग वितळून खोक्याला चिकटतं.

किंग केकमध्ये प्लॅस्टिकचं छोटं बाळ लपवायची रीत आहे; बेकरीने ते खोक्यात सुटं दिलं होतं. घशात अडकायची भीती, म्हणून हल्ली बरेच जण असंच देतात. केक उलटा न करता, कडेने जरा उचलून खालून चिरेत सरकवायचं. खाणाऱ्यांना आधी कल्पना द्या, लहान मुलं असतील तर घालूच नका. ज्याच्या कापात बाळ निघतं त्याने पुढचा केक आणायचा. आमच्यातल्या एकाने ते गुपचूप नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवलं; ताटं उचलताना सापडलं. पुढच्या शुक्रवारी केक त्याच्याकडून. साधा आण, असं बजावून ठेवलंय.