४८ व्होल्ट डीसी पॉवर सिस्टीम: १६ महिने वापरल्यावर सांगतो, टेम्परेचर सेन्सर स्वतःहून मागा

तासगाव तालुक्यात आमचं छोटं फायबर नेटवर्क आहे. एका गावात तात्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतलीय, तिथं दोन ओएलटी (ग्राहकांच्या फायबर लाईनी जिथं येऊन मिळतात ती मशीनं), एक स्विच आणि सांगलीकडं जाणारी रेडिओ लिंक, सगळं मिळून ४५० वॅटच्या आसपास. आधी इन्व्हर्टरवर चालायचं. लाईट गेली की चेंजओव्हरच्या झटक्यात ओएलटी रीबूट, मग सगळे ग्राहक परत ऑनलाईन यायला पाच-सात मिनिटं आणि तेवढ्यात फोनवर फोन. शिवाय बॅटरीचा डीसी इन्व्हर्टरनं एसी करायचा आणि ओएलटीच्या सप्लायनं परत डीसी करायचा, त्यात बॅकअप वाया जातो तो वेगळाच.

म्हणून मागच्या जानेवारीत रेक्टिफायर सिस्टीम घेतली, म्हणजे लाईटच्या एसीचा थेट ४८ व्होल्ट डीसी करणारी. १ किलोवॅटचे दोन मॉड्यूल, कंट्रोलर आणि १२ व्होल्ट १०० एएचच्या चार व्हीआरएलए (पाणी न घालायच्या, सीलबंद लेड-ॲसिड) बॅटऱ्या सिरीजमध्ये. पहिलं वर्ष एवढं छान गेलं की मी चार ऑपरेटर मित्रांना हीच घ्या म्हणून सांगितलं. बॅटरी डीसी लाईनवर कायम जोडलेली असल्यामुळं लाईट गेलेली ओएलटीला कळतच नाही. संध्याकाळी शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १५० च्या खाली येतं, तरी मॉड्यूल चालू, कारण इनपुट रेंज ९० पासून आहे. गावाकडं घेणाऱ्यानं हा आकडा बघूनच घ्यावं. मॉड्यूल दोन का तर साडेआठ अँपिअर लोड आणि बॅटरी चार्जिंगला १० अँपिअर, म्हणजे एक मॉड्यूल काठावर येतो, आणि एक गेला तर दुसऱ्यावर लोड तरी चालला पाहिजे.

एप्रिलमध्ये दुपारी लाईट गेली आणि पावणेदोन तासात सगळं बंद. नवीन असताना हेच आठ तास चाललेलं. कंट्रोलरनं ४३.२ व्होल्टला एलव्हीडी (व्होल्टेज फार उतरलं की बॅटरीवरचा लोड तोडणारा स्विच) तोडला, ते बरोबरच केलं, नाहीतर बॅटऱ्या पार तळाला गेल्या असत्या. वर जाऊन बघतो तर चारपैकी दोन बॅटऱ्यांच्या कडा फुगलेल्या. १५ महिन्यात! वॉरंटी दोन वर्षांची, म्हणून डीलरला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "साहेब, खोलीत एसी नाही, क्लेम बसत नाही." मी म्हणालो, "दादा, विकताना तुम्ही माडीवर येऊन खोली बघून गेलाय, तेव्हा का बोलला नाही?" त्यावर गप्प. तीन आठवडे फोनाफोनी, एकदा सर्व्हिसचा पोरगा आला, मीटर लावून गेला, रिपोर्ट आजपर्यंत नाही.

हा रिव्ह्यू मी तेव्हाच लिहायला घेतला होता आणि त्यात बॅटरी कंपनीला लय बोललो होतो. ते सगळं खोडलं, कारण मधे एक गोष्ट सापडली. कंट्रोलरच्या मेनूत बॅटरी टेम्परेचर बघितलं तर २५ डिग्री. खोलीत उभं राहवत नव्हतं, अंगातनं घाम निथळत होता आणि स्क्रीनवर २५! रात्री बघितलं, २५. पहाटे बघितलं, तरी २५. मागचं झाकण काढलं तर सेन्सरचा सॉकेट मोकळा. सेन्सर लावलेलाच नव्हता, आणि तो नसला की आमचा कंट्रोलर २५ धरूनच चालतो, अलार्मसुद्धा देत नाही.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. आपल्या सेटमध्ये २ व्होल्टचे २४ सेल, फ्लोट (भरलेली बॅटरी तशीच भरलेली ठेवायचं व्होल्टेज) सेलला २.२५, म्हणजे ५४ व्होल्ट, पण ते २५ डिग्रीला. त्याच्या वर प्रत्येक डिग्रीला सेलमागं साधारण ३ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. ४० डिग्रीला हिशेब केला तर १.०८ व्होल्ट कमी, म्हणजे फ्लोट ५२.९ ला यायला पाहिजे. आमचा दोन उन्हाळे ५४ लाच. बॅटरी आतनं सुकत गेली. तसंही दर १० डिग्रीला व्हीआरएलएचं आयुष्य निम्मं होतं म्हणतात, त्यात हा जादा चार्ज. ६५० रुपयांची सेन्सरची वायर न लावल्यामुळं माझे ३८ हजार गेले, आणि ही वायर कोटेशनमध्ये कुठंच नव्हती, कारण ती "ऑप्शनल" आहे म्हणे. तापलेल्या पत्र्याखाली आणि स्लॅबखाली जिथं ही सिस्टीम बसते तिथं ती ऑप्शनल कशी असेल?

लिथियम घ्यावं का असं बऱ्याच जणांनी विचारलं. चौकशी केली, किंमत दुपटीच्या जवळ गेली, आणि कंट्रोलरमध्ये लिथियमचं प्रोफाईल लागतं जे आमच्या मॉडेलला नाही. परत व्हीआरएलएच घातल्या, सेन्सर मधल्या बॅटरीच्या अंगाला चिकटवला, भिंतीला वरच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन बसवला.

वायरमनबद्दल एक सांगायचं राहिलं. टेलिकॉमच्या या ४८ व्होल्ट सिस्टीममध्ये प्लसला अर्थिंग असतं, मायनस लाईव्ह. जुन्या टेलिफोन केबलची तांब्याची गंज टाळायला ही पद्धत पडली. सोलरची कामं करणारे सवयीनं मायनसला अर्थिंग करतात, आमच्याकडं केलं होतं, वेळेत दिसलं म्हणून वाचलो. आणि घरातली एसी एमसीबी बॅटरीला लावू देऊ नका, डीसीचा आर्क तिथं तुटत नाही.

काल दुपारी अडीचला स्क्रीनवर बॅटरी ३८ डिग्री, फ्लोट ५३.१. हिशेबाला बरोबर बसतंय. पुढच्या गावाची ऑर्डर दुसऱ्या डीलरला देतोय, त्याच्या कोटेशनमध्ये सेन्सरची वेगळी ओळ आणि बसवल्यावर स्क्रीनचा फोटो, हे दोन्ही लिहून घेतल्यावरच ॲडव्हान्स पाठवला.