संरक्षणखर्च: तीन टक्के ठरवून वाढवायचा, की आधी आतली वाटणी बदलायची?

आमच्या घरात संरक्षणाचा पैसा दोन वाटांनी येतो. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यांची पेन्शन महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होते. माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशीनशॉप आहे. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, आम्ही मशिनिंग करून पुढे देतो, आणि त्यातले काही जॉब दोन-तीन हात फिरून लष्करी गाड्यांपर्यंत पोचतात. त्यामुळे सैन्यावर जास्त खर्च करावा का, असं कुणी विचारलं तर आम्ही बापलेक एका सुरात हो म्हणतो. भांडण पुढे सुरू होतं.

कोल्हापुरात या प्रश्नाला नाही म्हणणारा तसाही क्वचितच भेटतो. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, जिथे घरटी फौजी ही पिढ्यांची रीत आहे. 2019 च्या महापुरात त्याच तालुक्यात लष्कर आणि नौदलाच्या बोटींनी माणसं बाहेर काढली, ते लोक विसरलेले नाहीत. मे 2025 च्या ऑपरेशन सिंदूरनंतर तर सत्ताधारी काय आणि विरोधक काय, खर्च वाढू नये असं कुणी उघड म्हणत नाही. म्हणून सभेत उमेदवाराला प्रश्न विचारणाऱ्यासाठी किंवा कॉलेजच्या वादविवादात उभं राहणाऱ्यासाठी खरी निवड वेगळी आहे. एक बाजू म्हणते, जीडीपीच्या 3 टक्के ठरवून टाका. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने हा आकडा पुन्हा पुन्हा मांडला आहे. दुसरी म्हणते, टक्का राहू दे, आधी आतली वाटणी बघा: पगार-पेन्शनला किती आणि नव्या सामानाला किती.

वडील पहिल्या बाजूचे. त्यांचं म्हणणं सरळ आहे: शेजारी दोन, दोघांकडे अण्वस्त्रं, आणि आपण 2 टक्क्यांच्या आसपास घुटमळतोय. 2018 मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी याच स्थायी समितीपुढे सांगितलं होतं की सैन्याची 68 टक्के साधनसामग्री जुनाट प्रकारात मोडते. वडिलांना ते वाक्य पाठ आहे. टक्का ठरला की दरवर्षी हात पसरावे लागत नाहीत, आणि सरकार कुठलंही आलं तरी त्याला तो आकडा टाळता येत नाही, हा त्यांचा मुद्दा वजनदार आहे.

आता हिशेब. 2025-26 ला तरतूद होती 6.81 लाख कोटी रुपयांची, म्हणजे जीडीपीच्या साधारण 1.9 टक्के. ती 3 टक्क्यांवर न्यायची तर जवळपास आणखी 3.9 लाख कोटी लागले असते. त्याच वर्षी केंद्राने शिक्षणाला सुमारे 1.28 लाख कोटी आणि आरोग्याला सुमारे 1 लाख कोटी दिले होते. या दोन्हींच्या बेरजेपेक्षा मोठी रक्कम एका खात्यात नव्याने घालायची, आणि ती कुठून आणायची याचं उत्तर 3 टक्केवाल्या भाषणांत मला अजून ऐकू आलेलं नाही.

आत काय आहे तेही बघा. त्या 6.81 लाख कोटींपैकी 1.61 लाख कोटी पेन्शनला गेले. नवी शस्त्रं, विमानं, जहाजं ज्यातून येतात तो भांडवली खर्च 1.80 लाख कोटींचा. बाकीचं बहुतेक पगार, रसद, इंधन आणि देखभाल. म्हणजे रुपयातले साधारण 26 पैसे नव्या सामानाला. पेन्शनवर बोट ठेवणं मला जमणार नाही, ती वडिलांनी बर्फात उभं राहून कमावली आहे. पण 2022 साली सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, चार वर्षांची नोकरी आणि चौथा हिस्सा जवानच पुढे कायम, त्यामागे हा पेन्शनचा बोजाही होता हे मान्य करावं लागतं. आमच्याकडे पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या पोरांनी त्याची किंमत मोजली आहे. वाटणी बदला म्हणणाऱ्यांनी आधी त्या पोरांच्या डोळ्यांत बघून बोलावं.

तरीही मी दुसऱ्या बाजूला झुकतो, आणि त्याचं कारण माझ्या शॉपमध्ये पडून आहे. काही वर्षांपूर्वी एका ब्रॅकेटचं काम मिळालं. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, आम्ही पदरच्या पैशाने करून घेतला. पहिल्या लॉटमधल्या एका नगावर इन्स्पेक्टरने खडूने गोल काढला: आत टाचणीच्या डोक्याएवढं ब्लोहोल, ओतताना हवा अडकून राहिलेलं भोक. तो नग बाद, आणि त्याच्याबरोबरचे सगळे परत तपासायचे. ते योग्यच होतं, तो भाग डोंगरात चालणाऱ्या गाडीला लागणार होता. आम्ही ओतकाम सुधारून घेतलं, एक माणूस वाढवला, पुढचे लॉट एकही नग न नाकारता गेले. मग वरून निरोप आला, यंदा निधी पुढे ढकललाय. दोन वर्षं ऑर्डर नाही. तो शिकलेला माणूस ट्रॅक्टरच्या कामाला निघून गेला आणि पॅटर्न अजून माळ्यावर आहे. एकदम मोठी ऑर्डर आली असती तरी हे टळलं नसतं. दरवर्षी थोडी पण नक्की आली असती तर टळलं असतं. पंधराव्या वित्त आयोगाने वर्षाअखेर परत न जाणारा आधुनिकीकरण निधी सुचवला होता तो याचसाठी, आणि माझ्या मते टक्क्याच्या मागणीपेक्षा ती मागणी जास्त मोलाची आहे.

टक्क्याचा आणखी एक धोका युरोपात दिसतो. जून 2025 मध्ये नाटोने 2035 पर्यंत 5 टक्क्यांचं उद्दिष्ट ठरवलं, पण त्यातला निव्वळ लष्करी भाग 3.5 टक्क्यांचा, उरलेल्या दीड टक्क्यात रस्ते, पूल, सायबर सुरक्षा असं बरंच बसतं. आकडा मोठा ठरला की त्यात काय काय मोजायचं तेही वाढत जातं.

मात्र युरोपाकडून शिकण्यासारखं एक आहे: पैसा कुठून आणला ते तिथल्या सरकारांनी उघड सांगितलं. जर्मनीने 2022 मध्ये 100 अब्ज युरोचा खास निधी कर्जातून उभा केला आणि मार्च 2025 मध्ये राज्यघटनेतली कर्जमर्यादा संरक्षणापुरती सैल केली. शांतता चळवळीतून आलेल्या ग्रीन पक्षानेही बाजूने मत दिलं. ब्रिटनने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 वरून 0.3 टक्क्यांवर आणायचं ठरवलं, आणि त्यावरून एका मंत्र्याने राजीनामा दिला. डेन्मार्कने 2024 पासून शेकडो वर्षांची एक धार्मिक सुट्टीच रद्द केली, म्हणजे एक दिवस जास्त काम आणि त्यातून जास्त कर.

आपल्याकडेही हे एकदा झालं आहे. 1962 च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 1963-64 ला संरक्षणाची तरतूद 867 कोटींवर गेली, आधीच्या अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या दुपटीहून जास्त. त्यासाठी अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी नवे कर आणि सक्तीची बचत आणली. परकीय चलन वाचावं म्हणून 1963 च्या सुरुवातीलाच सुवर्ण नियंत्रण आलं, नवे दागिने 14 कॅरेटच्या वर घडवायला बंदी. कोल्हापूरच्या ज्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, साज आणि ठुशी घडतात तिथल्या कारागिराला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल. देश तेव्हा खर्चाला हो म्हणाला, पण बिल कुणाच्या नावावर फाटतंय ते लोकांना दिसत होतं.

2026-27 च्या अर्थसंकल्पात तरतूद 7.85 लाख कोटी झाली, भांडवली खर्च 2.19 लाख कोटी. एका वर्षात सुमारे 15 टक्के वाढ, आणि नव्या सामानाचा वाटा रुपयात 28 पैशांपर्यंत गेला. मला हवी ती दिशा हीच. उमेदवार दारात आला की मी दोनच गोष्टी विचारणार आहे: हा भांडवली पैसा पुढची पाच वर्षं याच वेगाने येईल असं लिहून देणार का, आणि वाढीव रुपया कर, कर्ज की कपात यांपैकी कशातून येणार.

तुमच्या घरातला मुलगा भरतीची तयारी करत असेल, तर तिसरा प्रश्न तुमचा आहे: चार वर्षांनंतर त्याचं काय. वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी गुजरीच्या गोष्टीला मान डोलावली, ब्रॅकेट हातात घेऊन ब्लोहोलची जागा बोटाने चाचपली, आणि म्हणाले, "तरी 3 टक्के पाहिजेतच."