एमयू-मिमो की ओएफडीएमए? ऑफिसच्या वाय-फायसाठी निवड करताना

ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारी पेटी) विकणारा आधी अँटेना मोजून दाखवतो. चारपेक्षा आठ भारी, इतका साधा हिशेब. पण ऑफिसात तीस जण एकदम व्हिडिओ कॉलवर असतील, तर आधी विचारायचं वेगळंच: कोणी कधी पाठवायचं, हे ठरवतं कोण?

वाय-फाय ५ वर, म्हणजे आधीच्या पिढीत, प्रत्येक लॅपटॉप हवा मोकळी आहे का ते ऐकतो आणि मग पाठवतो. दोघांनी एकदम सुरुवात केली की दोघांचंही वाया. वाय-फाय ६ मध्ये ॲक्सेस पॉइंट ‘ट्रिगर फ्रेम’ नावाचा छोटा संदेश सोडून कोणी, केव्हा, किती ताकदीने पाठवायचं ते सांगतो. ही शिस्त वापरायच्या वाटा दोन: ओएफडीएमए आणि एमयू-मिमो.

ओएफडीएमए रेडिओलहरींचा पट्टा वाटून देतं. २० मेगाहर्ट्झचे जास्तीत जास्त ९ तुकडे, म्हणजे नऊ जणांची छोटी पॅकेटं एकाच फेरीत. कोणाचा कमाल वेग वाढत नाही, ताटकळणं कमी होतं. कॉल, चॅट, सेन्सर यांना हवं असतं तेच.

एमयू-मिमोत पट्टा सगळ्यांना पूर्ण मिळतो, एकदम येणारे-जाणारे सिग्नल वेगळे काढायचं काम अँटेनांचं. डाउनलोडच्या वेळी प्रत्येकापर्यंतची रेडिओवाट आधी मोजावी लागते. माणूस लॅपटॉप उचलून चालू लागला की ते माप शिळं. अपलोडला माप येणाऱ्या सिग्नलमधूनच मिळतं, पण प्रत्येकाने ठरल्या क्षणाच्या ०.४ मायक्रोसेकंद मागेपुढेच सुरुवात केली पाहिजे. शिवाय चार अँटेनांवर दोन-दोन प्रवाह (एकाच वेळी जाणाऱ्या डेटाच्या वेगळ्या धारा) पाठवणारे लॅपटॉप दोनच बसतात. जाहिरातीत हे कुठे लिहीत नाहीत.

माझं मत: कॉलची गर्दी असेल तर ओएफडीएमए नीट चालणारा ॲक्सेस पॉइंट घ्या, चार अँटेना पुष्कळ. मोजक्याच जणांना जागेवर बसून जड व्हिडिओ फायली चढवायच्या असतील, तर अपलिंक (म्हणजे अपलोडच्या दिशेच्या) एमयू-मिमोला अर्थ आहे. (खरं तर जागचे न हलणाऱ्या मशीनला सरळ केबल ओढावी.) नुसत्या ‘वाय-फाय ६’ स्टिकरवर जाऊ नका: हे प्रमाणपत्र २०१९ पासून मिळतं, अपलिंक एमयू-मिमो त्यात २०२२ च्या ‘रिलीज २’ मध्ये आलं.

आणि पैसे मोजण्याआधी जुनी उपकरणं मोजा. वाय-फाय ५ चे फोन-लॅपटॉप ट्रिगर फ्रेम जाणत नाहीत; ते आपले पूर्वीसारखेच मध्ये घुसतात.