सेफ्टी रेझर, ब्रश आणि साबण : नाशिकमधील नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरपासून मी डब्यातला तयार फेस आणि पाच पात्यांचा रेझर बाजूला ठेवून ब्रश, साबण आणि एकाच दुधारी पात्याच्या सेफ्टी रेझरने दाढी करतो आहे. आता जुलै चालू आहे. नाशिकची थंडी, कोरडा उन्हाळा आणि पावसाचे पहिले आठवडे असे तिन्ही ऋतू या पद्धतीने काढून झाल्यामुळे तिच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. त्वचेचा एक त्रास टाळण्यासाठी मी हा बदल केला होता. तो त्रास पहिल्या दोन महिन्यांतच संपला. त्यानंतरचे सात महिने मी हे केवळ आवडीपोटी करतो आहे.

त्रास मानेचा होता. गळ्याच्या खालच्या भागातले माझे केस कुरळे आणि आडवे वाढतात, आणि दाढी केल्यानंतर दुसऱ्या दिवशी तिथे हमखास लाल पुटकुळ्या येत. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचे पाते केस किंचित बाहेर ओढते आणि तो मागे सरकण्याच्या आत मागचे दुसरे पाते त्याला कापते. त्यामुळे कापलेले टोक त्वचेच्या पातळीच्या खाली जाऊन बसते. सरळ केसांच्या माणसाला याचा फायदाच होतो, पण कुरळा केस पुन्हा वाढताना वळून आतल्या आतच शिरतो. जिलेटने १९७१ मध्ये दोन पात्यांचा रेझर आणला, १९९८ मध्ये तीन पात्यांचा आणि २००६ मध्ये पाच पात्यांचा. माझ्या मानेची तक्रारही साधारण याच क्रमाने वाढत गेली होती, हे मला फार उशिरा लक्षात आले.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना रेझर सापडला. तीन सुटे भाग होते : वरची टोपी, तिच्याखालची दात असलेली पट्टी आणि दांडा. कोमट पाणी, भांड्यांची पावडर आणि जुना दात घासायचा ब्रश एवढ्यावर तो लख्ख झाला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून सेव्हन ओ'क्लॉक पात्यांचे पाकीट आणले आणि आबांसमोरच पहिली दाढी केली. ते एवढेच म्हणाले, "दाबू नकोस. त्याच्या वजनानं जेवढं निघेल तेवढंच निघू दे." नव्या माणसाला देण्यासारखी याहून चांगली सूचना मला नंतर कुठेही मिळाली नाही. तरीही पहिल्या तीन आठवड्यांत हनुवटीवर आणि ओठाच्या कडेला बऱ्याच वेळा कापले, कारण पाच पात्यांच्या रेझरमुळे हाताला दाबण्याची सवय लागलेली असते आणि ती सांगून जात नाही.

कोनाचे तंत्र मात्र लवकर जमले. दांडा गालाशी काटकोनात धरून आधी फक्त टोपीची गोलाई गालाला टेकवायची आणि मग दांडा हळूहळू खाली आणत जायचे. एका ठिकाणी पाते खुंटांना लागल्याचा बारीक खरखर आवाज येतो, तोच आपला कोन. पाते आणि त्वचा यांच्यात साधारण ३० अंश असावेत असे सांगतात, परंतु आरशासमोर अंश मोजता येत नाहीत आणि कान बरोबर सांगतो. म्हणूनच दाढी करताना मी नळ आणि पंखा दोन्ही बंद ठेवतो.

एवढे झाले तरी दाढी मनासारखी होत नव्हती, आणि त्याचे कारण मी रेझरमध्ये शोधत होतो. नोव्हेंबरात एका नातेवाइकांच्या दशक्रियेसाठी पंचवटीत गेलो असताना रामकुंडाजवळ क्षौर करणाऱ्या एका वयस्कर नाभिकांशी बोलणे झाले. आता संसर्गाच्या धास्तीने बहुतेक जण अर्धे पाते बसवायचा वस्तरा वापरतात, तसाच त्यांच्याही हातात होता. पण धोकटीतला ब्रश आणि पितळी वाटी जुनी होती. माझी अडचण ऐकून त्यांनी मला वाटीतला फेस दाखवला आणि म्हणाले, "तुमचा फेस कोरडा राहतोय भाऊ. साबण पाणी मागतो, त्याला पाजत जा." तोपर्यंत फेस म्हणजे कापसासारखे फुललेले, गालावर उभे राहणारे काहीतरी अशी माझी समजूत होती. त्यांच्या वाटीतला फेस मात्र घोटलेल्या दह्यासारखा होता : दाट, तुकतुकीत आणि ब्रश उचलल्यावर टोक हळूच वाकणारा.

या छंदाने मला धरून ठेवले ते इथे. रेझर बोटांना आठवडाभरात कळतो. फेस जमायला मला तीन महिने लागले, आणि अजूनही रोज तो थोडा वेगळा होतो. डुकराच्या केसांचा ब्रश दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात भिजवून ठेवावा लागतो (कृत्रिम धाग्यांच्या ब्रशला नुसता ओला हात पुरतो), मग तो झटकून साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट गोल फिरवायचा. ब्रशच्या टोकांवर जाडसर लगदा बसला की वाटीत घोटायला सुरुवात करायची आणि थेंब थेंब पाणी घालत जायचे. प्रत्येक थेंबानंतर फेस आधी सैल होतो आणि मग पुन्हा घट्ट धरतो. ज्या थेंबाला तो पुन्हा धरत नाही, त्याच्या एक थेंब अलीकडे थांबायचे असते. आणखी एक गोष्ट सांगतो : डुकराच्या केसांच्या नव्या ब्रशला पहिल्या आठवड्यात वास येतो आणि तो गालाला टोचतो, त्यावरून त्याला नावे ठेवू नयेत. पंधरा-वीस वेळा वापरल्यावर त्याच्या केसांची टोके दुभंगतात आणि त्यानंतर तो जो मऊपणा देतो, तो माझ्या दोन महागड्या ब्रशांनाही अजून साधलेला नाही.

साबण म्हणजे अंघोळीचा साबण नव्हे, हेही लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण मी तो प्रयोग करून पाहिला आहे. अंघोळीच्या वडीत मुख्यतः सोडियमचे क्षार असतात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असते आणि ते बऱ्याच अंशी पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबणात बदललेले असते. पोटॅशियमचा साबण पाण्यात चटकन विरघळतो आणि स्टिअरिक आम्लामुळे फेस लवकर खाली बसत नाही. त्यात ग्लिसरीन असेल तर ओलावा टिकतो. सुगंधाला मी शेवटचा क्रमांक देतो, तरी चंदनाच्या वडीवरून माझे मन अजून हललेले नाही.

एप्रिलमध्ये एक गोष्ट अशी घडली की मी जवळजवळ सगळे साहित्य बदलून टाकणार होतो. एके सकाळी फेस धरेना. नेहमीचा साबण, नेहमीची वाटी, नेहमीचा ब्रश, आणि तरीही काही क्षणांत पातळ, करड्या रंगाचे पाणी उरे. आठवडाभर मी साबणाला दोष दिला, दुसरी वडी आणली, तीही तशीच वागली. मग एका रविवारी वॉचमन काकांशी बोलताना कळले की उन्हाळ्यामुळे सोसायटीच्या टाकीत महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरचे पाणी सोडायला सुरुवात झाली आहे. नळाच्या तोटीवर पांढरा थर जमू लागला होता, तोही मी पाहिला नव्हता. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका तयार करतात, आणि जेवढा साबण साक्यात जातो तेवढा फेसासाठी उरत नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फिल्टरचे एक फुलपात्रभर पाणी घेऊन बसलो आणि पहिल्याच घोटण्यात जुना फेस परत आला. त्या सकाळचा आनंद मला अजून आठवतो. उन्हाळ्यात फेस जमत नसेल तर साबण बदलण्याआधी पाणी बदलून पाहावे, असे मी मनापासून सुचवतो.

हिवाळ्याची अडचण निराळी. जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, धातूचा रेझर गालाला बर्फासारखा लागतो आणि फेस दुसऱ्या हातापर्यंत, म्हणजे रेझर दुसऱ्यांदा फिरवेपर्यंत, गार होतो. त्यावर उपाय म्हणून फेसाची पितळी वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवतो. ही वाटी भांडी बाजारातून घेतली. पितळातून पाण्याची ऊब फेसाला लगेच पोचते आणि वाटीच्या तळाशी असलेल्या ठोक्यांच्या खुणांवर फेस लवकर उठतो. पावसाळ्यात ब्रश वाळत नाही, म्हणून तो झटकून, पंचावर पुसून, केस खाली करून टांगतो, आणि न्हाणीघरात मुळीच ठेवत नाही.

पात्यांविषयी मते फार टोकाची असतात, म्हणून माझे मत माझ्या चेहऱ्यापुरते समजावे. जपानचे फेदर सर्वांत तीक्ष्ण आहे. सुलट हाताला ते अप्रतिम चालते, पण माझ्या मानेवर उलट हात मारताना त्याने चूक पोटात घातली नाही. सेव्हन ओ'क्लॉक मला रोजच्यासाठी पुरेसे आहे आणि चार दाढ्यांनंतर मी ते बदलतो. केसांहून पोलाद सुमारे ५० पट कठीण असूनही पाते इतक्या लवकर का जाते, याचे कुतूहल मला होते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हेच पाहिले आणि त्यांना आढळले की धार नुसती झिजत नाही, तर केस वाकून विशिष्ट कोनात लागला की पोलादाच्या रचनेतल्या असमान जागी तिचे बारीक टवके उडतात. नीट भिजलेला केस पात्याला कमी विरोध करतो, म्हणजे चांगला फेस पात्याचे आयुष्यही वाढवतो, असा अर्थ मी माझ्यापुरता घेतला आहे.

तीन हात मी मारतो : पहिला केसांच्या दिशेने, दुसरा आडवा आणि तिसरा उलटा, प्रत्येक वेळी नवा फेस लावून. मानेवर तिसरा हात मारत नाही, आणि पुटकुळ्या थांबण्याचे अर्धे श्रेय या संयमाला आहे. शेवटी थंड पाणी आणि तुरटी. तुरटी आमच्या घरात पूर्वी पावसाळ्यात हंड्यातले गढूळ पाणी निवळण्यासाठी फिरवली जाई. तीच रविवार कारंज्याजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली तुरटी आता आरशाखाली असते. ओल्या गालावरून ती फिरवली की जिथे हात जड पडला असेल नेमके तिथेच चुरचुरते, आणि उद्या कुठे सांभाळायचे हे आजच कळते.

खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे द्यायचा तर तो दोन भागांत द्यावा लागेल. गरजेपुरते पाहिले तर ही पद्धत फार स्वस्त आहे. पाते मला सरासरी सहा रुपयांना पडते, वडी पाच-सहा महिने पुरते, आणि पूर्वी एका पाच पात्यांच्या डोक्याला जेवढे पैसे जात त्यात आता महिन्याहून जास्त काळ निघतो. आवडीचा भाग निराळा आहे. आबांच्या रेझरनंतर मी जर्मनीतल्या झोलिंगेनचा मर्कूर ३४सी घेतला, दोन भागांचा, आखूड आणि वजनदार, आणि तो माझ्या हाताला सर्वांत चांगला बसला. त्याशिवाय एक कमी किमतीचा रेझरही घेतला होता, त्याची टोपी एका बाजूला कललेली निघाली आणि विक्रेत्याने तो बदलून दिला नाही. पाते बसवल्यावर दोन्ही कडांना ते सारखेच बाहेर दिसते ना, हे विकत घेतानाच पाहावे. पूर्वी आठवड्यातून दोनदा दाढी करणारा मी आता रोज करतो, आणि गावाला जाताना साबण कोणता न्यायचा याचा विचार आदल्या रात्री करतो. सौभाग्यवतींनी खिडकीजवळचा एक संपूर्ण कप्पा या सामानाला दिला आहे. विमानाने जायचे असेल तर पाती हातातल्या बॅगेत चालत नाहीत, हे लक्षात ठेवावे लागते.

जुनी पाती कुठे टाकायची हा प्रश्न मला सुरुवातीला सुचलाच नव्हता. आमच्या गल्लीत सकाळी घंटागाडी येते आणि कर्मचारी सुका कचरा हातानेच वेगळा करतात. कागदात गुंडाळलेले पाते त्यांच्या बोटात सहज शिरू शकते. म्हणून मी तुपाच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीच्या झाकणाला एक अरुंद चीर पाडली आहे आणि प्रत्येक वापरलेले पाते त्यातून आत टाकतो. भरल्यावर चीर चिकटपट्टीने बंद करून, वर "ब्लेड" असे ठळक लिहून ती डबी वेगळी द्यायची आहे. नऊ महिन्यांत ती अर्धीही भरलेली नाही.